नाल्यात सोडलेलं पाणी

पत्रक मी चाळीस मिनिटांत लिहिलं. आमच्या गटात सगळ्यात भराभर लिहिणारी मीच होते. रेशन असो, बसथांबा असो, शाळेची गळकी खोली असो, मला फक्त विषय सांगायचा. समोरच्याचा चहा संपेपर्यंत माझा मथळा तयार. हे मी धुळ्याच्या एका शिबिरात शिकले. तिथे शिकवणारे भाऊ पन्नाशीतले होते, घोषणा देऊन देऊन आवाज बसलेला. फळ्यावर ते एकच ओळ लिहायचे आणि तिच्याखाली दोन रेघा मारायचे: पत्रकाला चेहरा लागतो. "लोकांना कारण दिसत नाही," ते म्हणायचे, "माणूस दिसतो. माणूस दाखवा. आणि एकच दाखवा. दोन दाखवले की लोक पत्रकात भजी बांधतात." आम्ही हसायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो.

मी जो माणूस दाखवला तो आमच्या गल्लीत पाणी सोडायचा.

आमची गल्ली जळगावात, पिंप्राळ्याच्या टोकाला आहे. एका रांगेत चौदा घरं, पुढून गटार, गटारीला लागून पाण्याची लाईन, आणि शेवटच्या घरापलीकडे नाला. पाणी चौथ्या दिवशी येतं. आमच्याकडे पाणी आलं असं कोणी म्हणत नाही, "नळ आले" म्हणतात. पाहुणे आल्यासारखे येतात, म्हणजे उशिरा, आणि मग सगळं घर त्यांच्यामागे धावतं. शेवटचं घर सोडलं तर प्रत्येक घराला टिल्लू मोटर. ती थेट नळालाच जोडायची, बटण दाबायचं आणि लाईनमधलं पाणी शेजाऱ्याच्या आधी ओढून हौदात घ्यायचं. हे नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांनी बसवलेलं असल्यामुळे कोणाला लाज नाही.

वेळ सकाळी आठची. पण आमच्या गल्लीत पाणी कधीच सव्वाआठच्या आत यायचं नाही. पलीकडच्या गल्लीत आठच्या ठोक्याला धार, आणि आमचे नळ नुसते गुरगुरायचे. मोटरी कोरड्या फिरून तापायच्या, बाया ओट्यावर हंडे आपटायच्या. त्या वेळी माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर होती. पहिलंच. माझा भाऊ चटईच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचा, आईचे गुडघे गेलेले, मी सभा-मोर्च्यांत. पाण्याला उभी राहायची ती वहिनीच. तिला ओट्याच्या कडेवर कंबर धरून बसलेली पाहिली की माझं डोकं फिरायचं.

म्हणून एके दिवशी मी मोबाइल घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. पाणी सोडणारा माणूस तिथेच उकिडवा बसला होता. साठीकडे झुकलेला, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याला वॉलमन म्हणतात. आम्ही सगळे नाना म्हणायचो. ठेकेदाराचा माणूस, पिंपळनेरकडचा, बोलणं पक्कं अहिराणी. लाईनच्या शेवटच्या तोंडावरचं झाकण त्याने उघडलं होतं आणि पाणी धो धो नाल्यात चाललं होतं.

माझा विश्वासच बसेना. चौदा घरं हंडे घेऊन उभी, आणि हा पाणी नाल्याला पाजतोय.

"नाना, हे काय चाललंय?"

त्याने वर पाहिलंही नाही. "खराब शे माय. जाऊ दे."

"जाऊ दे? लोक तिकडे खोळंबलेत आणि तुम्ही जाऊ दे म्हणता?"

"जाऊ दे माय, जाऊ दे," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

मी तीन फोटो काढले. त्याने चेहरा लपवला नाही. घरी येऊन चाळीस मिनिटांत लिहिलं. मथळा: पाणी नाल्यात, जनता उन्हात! खाली त्याचा फोटो, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत त्याचंच वाक्य: "वॉलमन म्हणतो, खराब शे, जाऊ दे!" हा आमच्या नशिबाला खराब म्हणतोय आणि वर सोडून द्या म्हणतोय, असा त्याचा अर्थ मी लावला होता. वाचणाऱ्यांनीही तसाच लावला. पुढचे काही दिवस गल्लीत कोणी काही मागितलं की समोरचा "जाऊ दे माय" म्हणायचा आणि सगळे हसायचे.

मसुदा वहिनीने वाचला होता. ती माझं सगळं वाचायची, काना-मात्रेच्या चुका पेन्सिलीने दाखवायची. म्हणाली, "ताई, खाली एक ओळ टाका ना, पाणी उकळून प्या म्हणून. मधूनमधून वास येतो."

मी म्हटलं, "वहिनी, त्याने मुद्दा मऊ होतो. पाणी स्वच्छ देणं त्यांचं काम आहे. आपण उकळायला लागलो की ते सुटले."

"बरं," ती म्हणाली, आणि "उन्हात"चा उ ऱ्हस्व आहे याची आठवण करून दिली.

पत्रक गल्लीत वाटलं गेलं, मोबाइलवर फिरलं, कुठल्या तरी बातम्यांच्या ग्रुपवर चढलं. सहा दिवसांत नाना कामावरून गेला. ठेकेदाराने दुसरा माणूस दिला, तरणा, मोटारसायकलवर येणारा. तो आठला चावी फिरवायचा आणि आठ वाजून एक मिनिटाने नळ यायचे. शेजारच्या गुरुजींनी पेढे वाटले. निवृत्त शिक्षक, माझ्या पत्रकाच्या शंभर प्रती त्यांनी स्वतः दुचाकीवर फिरून वाटल्या होत्या. "पोरी, तू करून दाखवलंस," ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी पेढा खाल्ला. वहिनीलाही भरवला.

दीड महिना सगळं छान होतं.

हा दीड महिना मला पुढे फार महागात पडला. आज चटका बसला तर आपण हात लगेच मागे घेतो. चटका दीड महिन्याने बसणार असेल तर तोपर्यंत तवा कोणता होता हेच आठवत नाही.

मे महिन्यात गुरुजींच्या नातीचे डोळे पिवळे झाले. मग त्यांच्या पलीकडच्या घरात दोघं. मग आणखी तीन घरं. गल्लीने लगेच निकाल लावला: चौकातला रसवंतीवाला. उसाच्या रसात घालायचा बर्फ तो कुठून आणतो देव जाणे. गल्लीतल्या दोघांनी जाऊन त्याची बर्फाची पेटी रस्त्यावर उलटी केली. मी गेले नव्हते, पण त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं. मथळाही सुचला होता. रसात विष, प्रशासन खूश. ते चुकीचं आहे हे कळायला मला कुठे बाहेर जायची गरज नव्हती. तोपर्यंत वहिनीला ताप आला होता, अन्नाचा वास सहन होत नव्हता, लघवी गडद झाली होती. आणि वहिनीने त्या उन्हाळ्यात रसाचा थेंब घेतला नव्हता. डोहाळ्यांपासून तिला त्या गोड वासानेच उलटी यायची. हे मला माहीत होतं. माहीत असून मी रसवंतीवाल्यावर अर्धं पान लिहून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. आई म्हणाली, दवाखान्यात नंतर जा, आधी काविळीचं उतरवून घ्या. आमच्याकडे अजून चालतं ते. एरंडोलच्या बाजूला एक माणूस रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो, पाणी पिवळं होतं, लोक म्हणतात निघाली कावीळ. भावाने तिला रिक्षात घालून नेलं. पाणी पिवळं झालं. आईच्या जिवाला बरं वाटलं. मी, जिने अंधश्रद्धेवर पत्रकं काढलीत, गप्प बसले, कारण आईशी भांडायला घरात त्या दिवशी जागा नव्हती. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वहिनी दुपारी बोलता बोलता मध्येच थांबली. मला बराच वेळ नुसती बघत राहिली. "ताई, तुम्ही कोणत्या गावाला जाणार होतात?" असं काहीतरी म्हणाली. मी कुठेच जाणार नव्हते.

तेव्हा आम्ही दवाखाना गाठला. सातवा संपून आठवा लागला होता. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी भावाला आणि मला बाहेर नेऊन सरळ सांगितलं की ही कावीळ दूषित पाण्यातून होते, इतरांना ती बहुतेक वेळा निभावते, गरोदर बाईला मात्र शेवटच्या महिन्यांत जिवावर येते. आई आणि बाळ दोघांचंही सांगता येत नाही. भाऊ आत वहिनीजवळ गेला. मी मात्र बोलायला लागले, मला तेवढंच येतं. रसवंती, बर्फ, प्रशासन. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हातातला कागद न सोडता.

"किती घरं आजारी आहेत?"

"आठेक."

"आठेक म्हणजे?"

मला आकडा नीट माहीत नव्हता.

"बरं. कोणत्या घरांत नाही?"

"म्हणजे?"

"कावीळ कोणाला झाली ते सगळे सांगतात. कोणाला झाली नाही ते बघितलं का? तेच पाणी, तीच गल्ली. ते कसे वाचले?"

हा प्रश्न मला दोन वर्षांच्या चळवळीत कोणी विचारला नव्हता. मी तर नाहीच. आमच्याकडे दुखणाऱ्याची यादी करतात. न दुखणाऱ्याच्या दारात कोण जातं?

मी वही घेऊन घरी आले आणि रस्त्याच्या बाजूने दारं वाजवायला सुरुवात केली. पहिलं घर, नाही. दुसरं, नाही. पाचव्या घरापर्यंत कोणालाच काही नाही. सहावं आमचं. तिथून पुढे सातवं, आठवं, नववं, एकही सुटलं नव्हतं. तेराव्यापर्यंत. तेराव्या घरातल्या काकूंनी तर मला दारातच झापलं: "आता आलीस होय वही घेऊन! पेढे खाताना नाही आठवलं?" मी लिहून घेतलं आणि पुढे गेले.

चौदावं घर कूलर बनवणाऱ्या चाचांचं. पत्रा कापायचा, जाळी ठोकायची, उन्हाळाभर त्यांच्या अंगणात कूलरांची रांग. घरात नऊ माणसं, आणि नऊच्या नऊ ठणठणीत.

"चाचा, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"मशीदच्या बोअरचं. नळाचं कोण पिणार, बेटी? तुम तेरा लोगां मोटर लगाके खींच लेते, हमारे तक पहुँचताच क्या है? बाल्टीभर. उसमें पत्रा धोते." ते हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "और वो बुड्ढा गया तब से उसमें बास भी आती. पहिले नाना यहीं बैठके काला पानी निकाल देता था. हर बार मैं उसको चाय देता था. फिर तुमने उसका फोटो छाप दिया."

ते टोमणा मारत नव्हते. घडलं तसं सांगत होते, म्हणून जास्त लागलं.

मी वही पुन्हा बघितली. पाचव्या घरापर्यंत काही नाही, सहाव्यापासून पुढे सगळीकडे. म्हणजे लाईनमध्ये जे काही शिरत होतं ते पाचव्या आणि सहाव्या घराच्या मध्ये शिरत होतं. पण कुठे? नव्या वॉलमनला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, मला चावी कुठे फिरवायची तेवढं दाखवलंय. खाली काय आहे मला काय माहीत." त्याच्या ऑफिसात गेले. तिथे नकाशा होता, पण त्यात आमची गल्ली म्हणजे रिकामं शेत होतं. जमिनीखालची ती लाईन फक्त एका माणसाच्या डोक्यात होती. त्या डोक्याचा फोटो काढून मी ते गावाबाहेर घालवलं होतं.

वहिनी त्या दिवशी माणसं ओळखत होती, पण बाळाची हालचाल कमी झाली होती. मी चाचांकडून नानाच्या गावाचं नाव घेतलं आणि भावाला सांगून सकाळची एस.टी. धरली. जळगावहून पारोळा, धुळे, तिथून साक्री, मग पिंपळनेर, आणि पुढे जीपने त्याचं गाव. नाना खाटेवर बसून दोरी वळत होता. मला पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "पानी आन वं, पोर लांबथून उनी."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पहिली पाच घरं, मग सहावं, वहिनी, बाळ. माफी शेवटी मागायची ठरवली होती. बोलता बोलता ती मध्येच आली आणि वाक्य तुटलं.

त्याने दोरी बाजूला ठेवली. "तुन्हा घरना ओटाखाले जॉइंट शे," तो म्हणाला. "गटारमा. जुना. मीच सायकलनी ट्यूब गुंडाळेल व्हती त्याले. दर सा महिनाले फरशी उचलीसन घट्ट करू. मंग तुन्हा भाऊनी ओटा वाढाया, गुरुजीनी वाढाया. बठ्ठी गटार झाकाई गई. मी कसा उचलू?"

मला आठवलं. गाडी लावायला जागा हवी म्हणून ओटा पुढे काढला होता, दोन वर्षांपूर्वी. सगळ्या गल्लीनेच काढला होता. गवंडी आला त्या दिवशी नाना आमच्या दारात उभा राहून भावाशी काहीतरी बोलत होता. भावाने "बघू नाना, बघू" म्हटलं होतं. मी तेव्हा आत भाषण पाठ करत होते.

"ऑफिसमध्ये सांगितलं नाही?"

"सांगं ना. तठे लिखी लिधं." म्हणजे त्यांनी नुसतं लिहून घेतलं होतं. मग तो मला लहान मुलीला समजवावं तसं समजवत गेला. तीन दिवस लाईन रिकामी असते. चौथ्या दिवशी नळ यायच्या आधीच लोक मोटरी लावून बसतात. पाणी नसलेल्या लाईनमधून मोटर काय ओढणार? जिथे फट सापडेल तिथून ओढणार. गटारीतल्या जॉइंटमधून गटार. म्हणून तो चावी थोडीशीच उघडायचा, शेवटचं झाकण काढायचा आणि पंधरा मिनिटं ते घाण पाणी नाल्यात सोडून द्यायचा. स्वच्छ झालं की झाकण लावून पूर्ण चावी द्यायचा. म्हणून सव्वाआठ.

"मी तुले सांगं व्हतं," तो म्हणाला. "पानी खराब शे, जाऊ दे. तू लिखेल बी तेच. मालेच समजनं नही, मन्हंच वाक्य छापीसन लोके माले शिव्या कसाले देतस."

त्याने एवढंच सांगितलं होतं. पाणी खराब आहे, ते जाऊ दे. चार शब्दांत कारणही होतं आणि उपायही होता. मी ते ऐकलं, मोठ्या टायपात छापलं, शंभर प्रतींत वाटलं, आणि गल्लीभर त्याचा विनोद केला.

मी म्हटलं, "नाना, परत चला. मी ठेकेदाराकडे येते, लिहून देते माझी चूक."

त्याने दोरी पुन्हा हातात घेतली. "नही माय. बजारमा मन्हा नातू माले 'जाऊ दे आजोबा' म्हने. तठे आते मन्हं काय शे?" बायकोने चहा आणला. "चाय पीसन जाय," तो म्हणाला. मी प्यायले. नाही म्हणायचा हक्क मला नव्हता.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना भावाचा फोन आला. शिवरात्रीच्या जत्रेत हरवल्यासारखा त्याचा आवाज येत होता, मागे माणसं, गाड्या. "बाळ गेलं," तो म्हणाला. "ती आहे. शुद्धीवर आहे." मी विचारलं मुलगा की मुलगी. का विचारलं कोण जाणे. मुलगी होती.

मी त्याला तिथेच, फोनवर, ओट्याचं सांगितलं. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. पण पुढच्या सकाळी पुन्हा नळ येणार होते. त्याने फोन ठेवला. मी घरी पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि भाऊ बनियनवर ओट्यावर उभा राहून घण घालत होता. आई दारात बसून रडत होती, ओट्यासाठी नाही. गुरुजी बाहेर आले.

"अरे, आज? आजच्या दिवशी?"

"गुरुजी, तुमच्याही बाजूचा फोडावा लागेल," मी म्हटलं. "फरशी दोन्हीकडे अडकलीय."

"पण खात्री आहे का? मागच्या वेळीही तुला खात्री होती."

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. भावाने घण थांबवला आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गुरुजी आत गेले, मला वाटलं दार लावतील. ते पहार घेऊन बाहेर आले.

फरशी उचलली तेव्हा आत काळा गाळ गुडघाभर. हात घालून चाचांनी पाइप चाचपडला. ट्यूब होती. कुजून नुसती चिंधी राहिली होती आणि जॉइंटच्या फटीत बोट जात होतं. बघायला सगळी गल्ली जमली होती. कोणी हसलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. तेराव्या घरातल्या काकू म्हणाल्या, "एवढंसं?" आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

आठ दिवसांनी वहिनी घरी आली. अंगाचं पार चिपाड झालेलं, डोळे अजून पिवळसर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिला दूध आलं होतं. आईने छातीला घट्ट कापड बांधलं होतं, तरी पोलक्यावर डाग पडायचे आणि ती उशी पुढे धरून बसायची. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, देवाची मर्जी. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं ग्रहणात बाहेर पडली असेल. वहिनी सगळ्यांना हो म्हणायची. दुपारी सगळ्या गेल्यावर तिने मला बोलावलं.

"ताई, मला पहिल्यापासून सांगा. कशामुळे झालं ते. काही वगळू नका."

मी सांगितलं. ओटा, जॉइंट, ट्यूब, मोटरी, आपलीही मोटर, नाना, नाल्यातलं पाणी, माझं पत्रक, पेढे, चुन्याच्या पाण्यातले दोन दिवस. उकळण्याची ओळ मी काढली तेही. सांगताना मला जाणवत होतं की यातली कुठलीही एक गोष्ट काढून घेतली असती तर मुलगी वाचली असती, आणि तरी कुठल्याही एका गोष्टीवर बोट ठेवून हेच ते, असं म्हणता येत नव्हतं. मला शिकवलेलं सगळं लिखाण तिथे निकामी होतं. याला चेहरा नव्हता. होते ते सगळे आमचेच चेहरे होते, आणि तेही अर्धे अर्धे.

ती ऐकत होती, मध्येमध्ये विचारत होती. "म्हणजे नाना असते तर?" "कदाचित नाही झालं असतं." "आणि ट्यूब कुजली नसती तर?" "तरीही नाही." "आणि मोटरी?" "मोटरी नसत्या तर गटार आत ओढलंच गेलं नसतं."

"मग मोटरी," ती म्हणाली. "बाकीचं होऊन गेलं. मोटरी अजून आहेत."

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. माफही केलं नाही. दुसऱ्या दिवशी फैजपूरहून तिचे वडील आले. आबा केळीचे शेतकरी, मोजकं बोलणारे. जावयाशी दोन शब्द, आईला नमस्कार. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वहिनी त्यांच्यासोबत माहेरी गेली.

मग मी नवं पत्रक काढलं. लिहायला अकरा दिवस लागले. त्यात एकही फोटो नव्हता. वर लाईनची आकृती, खाली कुठून काय शिरतं आणि त्यासाठी कोणी काय बंद करायचं. नानांचं खरं म्हणणं, आणि ते मी कसं छापलं होतं. आमच्या घराची मोटर काढली असल्याचं. धुळ्याच्या शिबिरातल्या भाऊंना पाठवलं. त्यांचा फोन आला: "हे पत्रक आहे की पाठ्यपुस्तक? हे कोण वाचणार?" त्यांचं फारसं चुकलं नाही. पहिलं शंभर जणांनी पुढे पाठवलं होतं. हे दोघांनी पाठवलं, त्यातले एक गुरुजी. तरी मी ते घेऊन दारोदार गेले, वाचून दाखवलं, शेवटी तेराही घरांनी मोटरी काढल्या. ठेकेदाराला लेखी दिलं. त्याने नानांना निरोप धाडला असं सांगितलं. नाना आले नाहीत.

भाऊ दर रविवारी फैजपूरला जातो आणि एकटाच परत येतो. दिवाळीनंतर एकदा मी त्याच्याबरोबर गेले. वहिनी अंगणात केळफूल निवडत होती. अंगावर मांस धरलं होतं. तिने माझ्यासाठी पाट टाकला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या नव्या पत्रकातली एक चूक सांगितली. "गटारीत"ऐवजी "गटरीत" छापलंय म्हणाली. मला बरं वाटलं. भाऊ विहिरीकडे गेला तेव्हा मी विचारलं, "वहिनी, कधी येणार?"

"येईन की." ती केळफुलातले दांडे काढत राहिली. "मला पुन्हा दिवस राहिले तर त्याच गल्लीत राहायचंय. मोटरी बंद आहेत ना सगळ्या?"

हो म्हणणं सोपं होतं. "तीन घरांनी परत बसवल्या," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणे."

"आपली?"

"आपली नाही."

"पण तीन आहेत."

"तीन आहेत."

तिने मान हलवली. रागाने नाही, हिशेब जुळल्यासारखी. "मग अजून नाही येत, ताई," ती म्हणाली. "सांगा, मी विचारलंय म्हणून सांगा त्यांना."

चौथ्या दिवशी, नळ यायच्या वेळी, मी त्या तीन घरी गेले. पहिल्या घराने आत बोलावलं, ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर वायर काढली. दुसऱ्या घराने विचारलं, तू कोण सांगणारी, आधी एका म्हाताऱ्याचं काम घालवलंस. मी म्हटलं, हो, घालवलं, त्याचंच सांगायला आलेय. ते बघू म्हणाले. तिसऱ्या घरात मोटर चालू होती. तिच्या आवाजात बेल ऐकू जात नव्हती. मी वाजवत राहिले.